झीज कुठल्या बाजूची

घरात घाईचा माणूस कोण, आळशी कोण आणि सकाळचा उजेड कोणाला सोसत नाही, हे पडद्याच्या रॉडकडे नीट पाहिलं की कळतं. आमच्या हॉलच्या खिडकीचं उजवीकडचं ब्रॅकेट भिंतीपासून सुतभर सुटलं होतं. डावीकडचं मात्र बसवलं त्या दिवशी होतं तसंच घट्ट. मिस्त्री तोच, स्क्रू एकाच पुडीतले, भिंतही एकच. फरक इतकाच की उजव्या हाताला सोफा आहे. सोफ्यावरून न उठता नुसता हात लांब करून पडदा ओढला की तो आडवा सरकायच्या आधी खाली खेचला जातो. संध्याकाळी टीव्हीवर उजेड पडतो म्हणून हे रोज होतं. कोण करतं ते लिहीत नाही, माझे लेख घरात वाचले जातात.

पडद्याच्या सामानाची झीज कधीच सगळीकडे सारखी होत नाही. कापड, शिवण, रिंग, रॉड, ब्रॅकेट, स्क्रू आणि स्क्रूला धरून ठेवणारी भिंतीतली नळी, म्हणजे गिट्टी, अशी ही साखळी. तिच्यातली एकच कडी आधी जाते आणि ती का गेली हे कळलं नाही तर केलेली दुरुस्ती जेमतेम पुढच्या गणपतीपर्यंत टिकते. गणपती अशासाठी म्हटलं, की आपल्याकडे पडदे गणपती आणि दिवाळीच्या आधीच उतरतात आणि धुतले जातात. एरवी वर्षभर रॉडकडे मान वर करून बघतो कोण? पडदे काढल्यावर कोणीतरी म्हणतं, ‘अगं, हे हलतंय.’ आणि मग पाहुणे यायला उरलेल्या दोन दिवसांत पांढरं सिमेंट, कागदाचा बोळा, आगपेटीची काडी, जे हाताला लागेल ते भोकात जातं.

दुकानात गेलं तर झीज बघायची सोयच उरत नाही. ‘एक ब्रॅकेट हवंय’ म्हटलं की उत्तर ठरलेलं: ‘मॅडम, सेट येतो.’ सेटमध्ये रॉड, दोन ब्रॅकेटं, टोकांचे दोन नॉब आणि स्क्रूची पुडी. माझा रॉड धड आहे, नॉब धड आहेत, एक ब्रॅकेटही धड आहे. बिघडलेली वस्तू एक आणि बदलायच्या पाच. नव्या सेटबरोबर जुनंच भोक, जुनाच सोफा आणि जुनाच हात, म्हणजे तेच ब्रॅकेट पुन्हा सुटणार. हल्लीच्या चकाचक फर्निशिंगच्या दुकानांवर माझा राग आहे तो एवढ्यापुरताच. पडदे मात्र छान शिवून देतात.

सुटा माल हवा असेल तर माहीमहून हार्बर लाइनची लोकल पकडायची, मस्जिदला उतरायचं आणि नागदेवी स्ट्रीट गाठायची. तिथे आणि आजूबाजूच्या गल्ल्यांत, पार अब्दुल रहमान स्ट्रीट, लोहार चाळीपर्यंत, नटबोल्टापासून साखळदंडापर्यंत जगातलं सगळं लोखंड-पितळ सुटं मिळतं. काउंटरच्या मागे भिंतभर खण आणि प्रत्येक खणावर त्याच्यातल्या वस्तूचा एक नमुना तारेने बांधलेला. तिथे वर्णन करून काही मागू नये. मी एकदा ‘तो असा वाकडा असतो ना, त्याला खाली एक...’ असं सुरू केलं, तर दुकानातल्या चाचांनी तळहात पुढे केला आणि एकच शब्द विचारला, ‘सॅम्पल?’ जुना तुकडा त्या तळहातावर ठेवला की ते चष्मा कपाळावर सारतात, तुकडा फिरवून बघतात आणि न बोलता बरोबर खणाकडे वळतात. तेव्हा जुनं ब्रॅकेट, एक रिंग आणि एक स्क्रू रुमालात बांधून न्यायचं. रॉडची जाडी इथे अजून सुतात बोलतात. आठ सूत म्हणजे एक इंच. घरगुती रॉड बहुतेक सहा सुती, म्हणजे पाऊण इंची, १९ मिलिमीटरचे, नाहीतर एक इंची, २५ मिलिमीटरचे असतात. यातली गल्लत घरी परतल्यावरच कळते आणि हार्बरचं तिकीट पुन्हा काढावं लागतं.

आता ते सुटलेलं ब्रॅकेट. साध्या ब्रॅकेटला दोन स्क्रू असतात, एक वर आणि एक खाली. रॉड भिंतीपासून तीन-साडेतीन इंच पुढे असतो. पडद्याचं वजन आणि ओढणाऱ्याचा जोर रॉडला खाली खेचतो, तेव्हा ब्रॅकेट आपल्या खालच्या कडेवर टेकतं आणि वरची कड भिंतीतून उपटायला लागतं. खालचा स्क्रू नुसता उभा असतो, भिंतीतून बाहेर ओढला जातो तो वरचा. त्यामुळे ढिला व्हायचा तो वरचाच. आणि घाईतला मिस्त्री कमी करतो तोही नेमका वरचाच. खिडकीच्या वर काँक्रीटची लिंटेल, म्हणजे आडवी तुळई असते. वरचं भोक पाडताना ड्रिल तिच्यावर अडकून ओरडायला लागलं, की भोक अर्धवट सोडून तिथे आखूड स्क्रू पिळला जातो. खाली दीड इंची आणि वर पाऊण इंची, असं मी आमच्याच नव्हे, ओळखीच्या बऱ्याच घरांत पाहिलंय. म्हणून दुरुस्तीत एक नियम: दोनांपैकी एकच भोक चांगलं असेल तर चांगलं ते वर. ब्रॅकेट थोडं वर-खाली सरकवून हे बहुतेक वेळा जमतं.

भोक पाडताना भुकटीचा रंग बघत राहायचा. ड्रिलखाली जुनं वर्तमानपत्र धरलं तर ती थरांनी पडताना दिसते. आधी पांढरी शुभ्र येते, ती पुट्टी आणि पीओपी. मग राखाडी, ते प्लास्टर. मग विटकरी लाल, म्हणजे टोक विटेत शिरलं. काँक्रीटची भुकटीही राखाडीच, पण तिथे ड्रिलचा आवाज बदलतो आणि हाताला धक्का बसतो. आतल्या भिंतीचं प्लास्टर साधारण १२ मिलिमीटर असतं, त्यावर पीओपी केलेलं असेल तर आणखी सहा ते बारा मिलिमीटर. म्हणजे पाऊण-एक इंच आत जाईपर्यंत टोक खऱ्या भिंतीला शिवलेलंच नसतं. नेहमीची गिट्टी इंच-सव्वा इंचाची. ती भिंतीच्या तोंडाशी बसवली तर तिचा बहुतेक भाग त्या भुसभुशीत थरातच राहतो आणि आपण समजतो की रॉड भिंतीवर टांगलाय. तो टांगलेला असतो रंगाच्या आतल्या पापुद्र्यावर. गिट्टी हातोडीने भिंतीसपाट ठोकून थांबायचं नाही. तिच्या तोंडावर स्क्रू टेकवून तिला प्लास्टरच्या पलीकडे सरकवायची आणि स्क्रू तेवढा लांब घ्यायचा. दोन इंची घ्यायला कोणी नाही म्हणत नाही.

जुन्या भोकातली गिट्टी बाहेर येत नाही म्हणून लोक ती आतच फोडतात. गरज नाही. तिच्यात स्क्रू दोन-तीन आटे पिळायचा, पकडीने स्क्रू धरायचा आणि सरळ ओढायचा. स्क्रूबरोबर गिट्टी येते. मग भोकातली धूळ काढायची आणि याच पायरीला सगळे कंटाळा करतात. धूळ राहिली की गिट्टीभोवती टाल्कम पावडर लावल्यासारखं होतं, स्क्रू घट्ट झाल्याचं वाटतं पण जोर आल्यावर सगळं घसरत बाहेर येतं. सायकलचा पंप असेल तर उत्तम, नाहीतर नारळपाण्याबरोबर मिळालेला स्ट्रॉ. फुंकताना डोळे मिटा आणि तोंड बाजूला घ्या.

भोक विटेत असेल आणि नुसतं सैल झालं असेल तर सहाऐवजी आठ मिलिमीटरची गिट्टी आणि एक नंबर जाड स्क्रू, एवढ्याने काम होतं. ब्रॅकेटचं भोक त्या स्क्रूला लहान पडलं तर कानशीने दोन मिनिटांत वाढतं. पण भोकाच्या कडा ढासळून तिथे बोट जाईल असा खड्डा झाला असेल तर मात्र एम-सील. दोन्ही रंगांचे सारखे गोळे घेऊन रेघ दिसेनाशी होईपर्यंत मळायचे, भोकाच्या तळापर्यंत दाबत भरायचे आणि ते मऊ आहे तोवरच गिट्टी त्यात बसवायची. दुसऱ्या दिवसापर्यंत त्याला कोणी हात लावायचा नाही, पाहुणे आले तरी. पांढऱ्या सिमेंटने आणि पीओपीने भोक दिसायला बुजतं, पण त्यात वजन पेलायची ताकद नाही. शिवाय पीओपी ओल धरून ठेवतं आणि आतला स्क्रू आतच गंजतो. गणपतीच्या आदल्या दिवशीची दुरुस्ती दिवाळीला हातात येते ती याच कारणाने.

या गिट्टीचंही एक चरित्र आहे. आपण जिला रावळप्लग म्हणतो, तिच्यातला ‘रावळ’ हा कोणी मराठी माणूस नाही. जॉन जोसेफ रॉलिंग्ज नावाच्या इंग्रज कंत्राटदाराची ही १९११ची कल्पना. लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये भिंतीची नासधूस न करता विजेची फिटिंग बसवायची होती. त्याच्याआधीची पद्धत म्हणजे छिन्नीने भिंतीत चौकोनी खाच पाडायची, लाकडाचा गट्टू ठोकायचा आणि त्या गट्टूत स्क्रू. रॉलिंग्जने धाग्यांची चिकटवून केलेली एक बारीक नळी काढली. स्क्रू आत शिरला की ती फुगते आणि भोकाला धरून बसते. आज मिळते ती दातेरी नायलॉनची गिट्टी जर्मनीच्या आर्टुर फिशरची, १९५८ची. या गृहस्थाच्या नावावर हजाराच्या वर पेटंटं होती. त्यातलं दुसरं कुठलंही मला इतकं उपयोगी पडलेलं नाही.

मुंबईच्या जुन्या इमारतींत लाकडी गट्टू अजून जागोजागी आहेत. ड्रिल मारताना मध्येच भुसा यायला लागला की समजायचं, कोणाच्या तरी आजोबांच्या तसबिरीची जागा लागली. हे गट्टू पावसाळ्यात ओल पिऊन फुगतात आणि उन्हाळ्यात आकसतात. म्हणून ऑगस्टात घट्ट असलेला स्क्रू मेमध्ये बोटाने फिरतो, आणि दोन्ही वेळा दोष स्क्रूला दिला जातो. लाकडातलं सैल भोक भरायला आगपेटीच्या काड्या चांगल्या. गूल काढून टाकायचं, काड्या फेविकॉलमध्ये बुडवून भोकात ठासायच्या, वाळल्यावर भिंतीसपाट कापायच्या आणि मग स्क्रू. सागवानी चौकटीत स्क्रू सहज जावा म्हणून सुतार त्याला साबण लावतात. मी मेणबत्ती घासते. साबण ओल ओढतो आणि या शहरात ओलीला आमंत्रणाची गरज नाही.

आमची इमारत समुद्रापासून चालत पाच मिनिटांवर. पश्चिमेच्या खिडकीचा रॉड आणि आतल्या बोळाकडच्या खोलीचा रॉड एकाच वेळी घेतलेले, पण पश्चिमेचा आजोबा झालाय आणि आतला अजून तरुण आहे. नैऋत्येचा वारा खारं पाणी घेऊन येतो. मीठ धातूवर बसतं, हवेतली ओल धरतं आणि पॉलिशला जिथे बारीकसा ओरखडा असेल तिथून आत शिरतं. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो, म्हणून पॉलिशखाली आधी फोड येतो आणि मग पोपडा सुटतो. छताच्या स्लॅबला होतं तेच, लहान प्रमाणात.

त्यावर उपाय म्हणून सगळे ‘एस. एस. घ्या’ सांगतात. दुकानदार चुंबक लावून दाखवतो: बघा, चिकटत नाही, म्हणजे अस्सल स्टेनलेस. या परीक्षेला अर्थ नाही. स्वस्तातला २०२ ग्रेडचा पाइप आणि चांगला ३०४चा, दोघांनाही चुंबक चिकटत नाही. २०२मध्ये महागडं निकेल कमी करून मँगनीज घातलेलं असतं आणि समुद्राच्या हवेत त्याच्यावर तांबूस ठिपके यायला वेळ लागत नाही. समुद्रासाठीचा खरा ग्रेड ३१६, त्यात मॉलिब्डेनम असतं, पण पडद्याच्या रॉडसाठी तो परवडणारा माणूस ब्रॅकेटची दुरुस्ती स्वतः करत नसावा. त्यापेक्षा महिन्यातून एकदा गोड्या पाण्याचं ओलं फडकं आणि लगेच कोरडं. मीठ निघून गेलं की साधा रॉडही बराच तग धरतो. पाइप आतून गंजतो त्याचं कारण बहुतेक वेळा हरवलेला नॉब असतो. उघड्या तोंडातून दमट हवा आत जाते. तसाच नॉब मिळत नाही, सेट घ्या म्हणतात. तेव्हा फोल्डिंग खुर्चीच्या पायाला लावतात तो रबरी बूट घ्यायचा. पाऊण इंचीलाही मिळतो, एक इंचीलाही. काळा दिसतो हे खरं, पण रॉडच्या टोकाशी नजर किती जणांची जाते?

गंज चढलेलाच असेल तर १२० नंबरच्या पॉलिशपेपरने घासून, रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट, हे ब्रॅकेटला चालतं. रॉडच्या वरच्या अंगाला चालत नाही, कारण तिथे रिंगा घासून रंग महिन्याभरात उतरतो आणि त्याचे कपचे रिंगांत अडकतात. रिंगा रॉडच्या फक्त माथ्यावरून धावतात. तिथे नख फिरवलं तर पॉलिश उडालेला एक खरखरीत पट्टा लागतो. खालचं अंग मात्र जन्मल्यापासून कोणी शिवलेलं नाही. तेव्हा ब्रॅकेटमधला बारीक स्क्रू सैल करायचा, रॉड अर्धा फिरवायचा आणि पुन्हा आवळायचा. पाच मिनिटांचं काम आणि रॉडचं आयुष्य दुप्पट. फिरवताना पाइपची जोडाची रेघ तेवढी माथ्यावर येऊ द्यायची नाही, नाहीतर प्रत्येक रिंग तिथे अडते. माथ्यावर मेणबत्ती घासून कोरड्या फडक्याने पुसायचं. खोबरेल मुळीच नको. आमच्या चहूबाजूंनी इमारती पाडणं आणि उभारणं चाललंय, तेल लावलं की ती सगळी धूळ रॉडवर मुक्कामाला येते.

कापडाचंही तसंच. आजीच्या काळी धोतर मधोमध विरलं की तेवढी पट्टी फाडून टाकायचे आणि धड कडा एकमेकींना जोडून दंड घालायचे, मग ते आणखी दोन वर्षं चाले. जोडीच्या पडद्यांना यासाठी सुईसुद्धा लागत नाही. हात लागतो तो पडद्याच्या मधल्या कडेला. तिथलं कापड मळतं, पहिल्या रिंगेची शिवण उसवते. भिंतीकडची कड कोरी असते. डावा पडदा उजवीकडे आणि उजवा डावीकडे घातला की कोरी कड हातात येते आणि थकलेली भिंतीशी जाऊन विसावते. सासूबाईंना हे दाखवलं तेव्हा म्हणाल्या, ‘इतकं सोपं असतं तर मग शिंपी काय करतात?’ धुतल्यावर दर वेळी अदलाबदल करायची एवढंच लक्षात ठेवायचं.

रिंगेचं एक गणित सांगते, कारण ते कोणी सांगत नाही. पडद्याला रिंगा सम संख्येत हव्यात. तरच दोन्ही टोकांच्या कडा भिंतीकडे वळतात. एक रिंग फुटली आणि ती वगळून पडदा तसाच ओवला, तर एक कड खोलीकडे बाहेर येते आणि पडदा कायम कोणीतरी आत डोकावून गेल्यासारखा दिसतो. फुटलेली रिंग बदलता येते. ती दोन अर्ध्यांची असते, मागच्या अंगाने पसरट पेचकस घालून उघडते. भोकाभोवतीचं कापड विरलं असेल तर आधी आतून कॅनव्हासचा गोल तुकडा शिवायचा.

ट्रॅकचे पडदे मला फारसे आवडत नाहीत, पण लेकीच्या खोलीत आहेत. अॅल्युमिनियमच्या चॅनेलमध्ये नायलॉनचे बारीक रोलर. केस आणि धूळ गुंडाळली गेली की चाक फिरायचं थांबतं आणि नुसतं घासत जातं, मग एका बाजूने सपाट होतं, आणि सपाट झालं की परत फिरायचा प्रश्नच नाही. जुन्या टूथब्रशने चॅनेल साफ करून सपाट झालेली चाकं तेवढी बदलायची. टोकाचा स्टॉपर पडला असेल तर तिथे एक बारीक नटबोल्ट आवळायचा. संपलं.

पण मुंबईच्या पडद्याचं खरं हार्डवेअर म्हणजे रॉडही नव्हे, ट्रॅकही नव्हे. ती पांढऱ्या प्लास्टिकची स्प्रिंग. मी परळच्या चाळीत वाढले. दहा बाय बाराच्या खोलीत भिंती चारच, पण खोल्या तीन, कारण दोन स्प्रिंगा. एक मोरीवर आणि एक खोलीच्या मधोमध. वडील गिरणीत रात्रपाळी करून सकाळी आले की मधल्या पडद्यापलीकडे झोपायचे आणि अलीकडे स्टोव्ह, अभ्यास, शेजारच्या मावशी, रेडिओवरची कामगार सभा, सगळं हळू आवाजात चालायचं. खोलीतल्या सगळ्यांनी ती भिंत मानलेली असायची. पडदा सरकला तर वडील जागे व्हायचे, म्हणून स्प्रिंग ताठ राहणं हे घरातलं महत्त्वाचं काम होतं आणि ते आईकडे होतं.

स्प्रिंगचं दुखणं ठरलेलं. मधोमध झोळ येतो. तिची वेटोळी ताणली जाऊन परत मिटत नाहीत. ती टाकायची नसते, आखूड करायची असते. एका टोकाची कडी पिळून काढायची, पकडीने बोटभर स्प्रिंग तोडायची आणि कडीचा आटा पुन्हा वेटोळ्यांच्या पोकळीत पिळून बसवायचा. खिडकीच्या मापापेक्षा ती थोडी तोकडीच हवी, ताणून लावली तर ताठ राहते. तोडलेल्या टोकाशी आतलं पोलाद उघडं पडतं. तिथून पाणी शिरून स्प्रिंग प्लास्टिकच्या आतल्या आत गंजते आणि पडद्याच्या दुमडीवर तपकिरी डाग उमटतात, ते कुठल्याही साबणाने जात नाहीत. आई त्या टोकावर मेणबत्तीचे दोन थेंब पाडायची. मी नेलपॉलिश लावते, फरक काही नाही.

दुसरं दुखणं आकड्याचं. चौकटीत पिळलेला आकडा ओढीने हळूहळू उघडत जातो. आमच्या मधल्या पडद्याचा नेहमी स्वयंपाकाच्या बाजूचाच आकडा उघडायचा, खिडकीकडचा कधीच नाही. कारण आईचे दोन्ही हात भरलेले असायचे. एका हातात तवा, दुसऱ्यात कळशी, आणि पडदा ती कोपराने ढकलत पलीकडे जायची. दिवसातून कितीदा ते देव जाणे. वडील सुट्टीच्या दिवशी पकडीने तो आकडा मिटवायचे आणि म्हणायचे, ‘हा आकडाच कच्चा आहे.’ आई काही बोलायची नाही. आता मला वाटतं, आकडा उघडू द्यायचा नसेल तर त्याचं तोंड वरच्या बाजूला आणि ओढ येते तिच्या उलट दिशेला वळवायचं. पण तेव्हा खोलीत हे बघायला कोणाला सवड होती?

भाड्याच्या घरांतल्या खिडक्यांवर तर अशा झिजांची रांगच दिसते. ११ महिन्यांचा करार, दर भाडेकरूचा आपला रॉड आणि आपली भोकं. एक पार उंच, एक चौकटीला चिकटून, एक मधोमध. एका मैत्रिणीच्या घरमालकाने नवं भोक पाडायचं नाही असं बजावलं होतं, तेव्हा आम्ही भिंतीवरची जुनी बुजवलेली भोकं बोटाने टकटक करून शोधली आणि त्यातलं सगळ्यात खोल निवडलं. चिकटपट्टीचे हुक आधी लावून पाहिले होते. पावसाळ्यात ते डिस्टेंपरचा पापुद्रा घेऊनच खाली आले. त्यात हुकाचा दोष नाही, त्याने रंगाला घट्ट धरलं होतं, रंगाने भिंतीला धरलं नव्हतं.

दुरुस्ती कुठे थांबवायची तेही सांगते. बटणांच्या बोर्डाच्या सरळ वर किंवा खाली ड्रिल मारायचं नाही, तिथून वायरिंग जातं. मारायचंच असेल तर आधी मेन बंद. स्टुलावर स्टूल ठेवायचं नाही. आणि भिंत टकटक केल्यावर पोकळ बोलली तर ड्रिल परत डब्यात.

आमच्या गॅलरीच्या दारावर तसंच आहे. ब्रॅकेट सुटलं म्हणून बघायला गेले तर स्क्रूबरोबर वीतभर प्लास्टर हातात आलं आणि आत लिंटेलची सळई दिसली, पापुद्रे सुटलेली. तिथे एम-सील नाही, मोठी गिट्टी नाही, काही नाही. आमची इमारत तिशी केव्हाच ओलांडून बसलीये आणि त्या वयाच्या इमारतींचं स्ट्रक्चरल ऑडिट करून घेणं कायद्यानेच बंधनकारक आहे. ते मी सोसायटीच्या सेक्रेटरींना सांगायला गेले. त्यांनी मस्टर उघडलं, मिटवलं आणि म्हणाले, ‘ताई, पडद्याचं काम सोसायटीच्या खर्चात बसत नाही हो.’ मी वाद घातला नाही. सळईवरून सुटलेला गंजाचा जाड पापुद्रा कागदात बांधून बरोबर नेला होता, तो त्यांच्या टेबलावर ठेवला. ‘हे काय?’ म्हणाले. म्हटलं, सॅम्पल.